दारू ती दारूच?

गेल्या डिसेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या बेंबळीला विज्ञान शिक्षकांशी बोलायला जाण्याचा योग आला. विषय होता ज्वलन. मेणबत्ती, स्टोव्ह, चूल असे करत दोन तास छान गेले. कार्यक्रम संपल्यावर चहा चालू असताना अकरावीतला एक मुलगा पुढे आला. त्याने खिशातून रुमालात गुंडाळलेली एक पितळी पुंगळी काढली आणि आमच्या हातावर ठेवली. रायफलीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी होती ती. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली. पोलीस अॅक्शनच्या वेळची, अशी घरातली समजूत. भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरले आणि १३ सप्टेंबर १९४८ रोजी नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल त्याने ताब्यात घेतला. या भागातल्या कित्येक घरांत त्या दिवसांच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात.

मुलाचा प्रश्न सरळ होता. “सर, ह्याच्यात दुसरी दारू आणि दुसरी गोळी बसवून हे परत वापरता येतं का?”

आम्ही म्हणालो, “जगात काही देशांत लोक तसं करतात. पण...” तो ‘पण’ पुरा होण्याआधीच मागे बसलेले एक वयस्क गृहस्थ बोलले. त्यांच्या उजव्या हाताला दोन बोटे कमी होती. “मी केलतं सर. तीस वर्षं झाली. रानडुकरं लई झाली होती, बंदुकीचं लायसन होतं, काडतुसं मिळंनात. फटाक्यातली दारू भरली. दारू ती दारूच, आसं वाटलं.”

सगळे गप्प झाले. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “पण माझं नेमकं चुकलं काय? माप तर मी तेवढंच घेतलं होतं.”

त्या दिवशी एस.टी.ची वेळ झाली होती. दोघांनाही आम्ही घाईघाईत काहीतरी सांगितले आणि निघालो. हा लेख म्हणजे त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई आहे. मात्र एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. भारतात परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा गुन्हा आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या पाचव्या कलमात बंदुकीइतकाच दारूगोळ्याचाही समावेश आहे. तेव्हा इथे जे आहे ते समजून घेण्यासाठी आहे, करून पाहण्यासाठी नाही. करून पाहण्यासाठी पुढे साखरेचा एक प्रयोग दिला आहे.

आधी ती पुंगळी नीट पाहू. रायफलीच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली टोपी (कॅप), आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. घोडा पडला की टोपीवर टोला बसतो, तिच्यातले नाजूक रसायन पेटते, त्याची ज्योत बारीक छिद्रांतून दारूपर्यंत पोचते. दारू जळून वायू होतो आणि तो गोळीला नळीतून पुढे ढकलतो. मुलाने आणलेली पुंगळी थ्री नॉट थ्रीची होती आणि तिच्या बुडावर के आणि एफ ही अक्षरे होती. म्हणजे ती पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. हा कारखाना १८६९ पासून दारूगोळा बनवतो. २०२१ साली आयुध कारखान्यांची फेररचना झाली, तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे.

पुंगळीच्या तोंडातून बॅटरीचा उजेड टाकला तर बुडाशी दोन बारीक छिद्रे दिसतात. ही बर्डन पद्धतीची टोपी. दुसऱ्या, बॉक्सर पद्धतीत मधोमध एकच मोठे छिद्र असते, त्यामुळे वापरलेली टोपी सळईने आतून ढकलून सहज काढता येते. गंमत अशी, की बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज. पण ब्रिटिशांनी लष्करासाठी अमेरिकनाची पद्धत घेतली आणि अमेरिकेत इंग्रजाची रुळली. रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, त्यामागे हे एक छिद्रही आहे. खडकीची ही पुंगळी पुन्हा भरली जावी म्हणून केलेलीच नव्हती.

आता दारूकडे वळू. वर्गात एक प्रश्न विचारून पाहा: एक ग्रॅम शेंगदाणा आणि एक ग्रॅम बंदुकीची दारू, जास्त ऊर्जा कशात? बहुतेक मुले दारू म्हणतील. वस्तुस्थिती उलट आहे. शेंगदाण्यात दर ग्रॅमला सुमारे २३ किलोज्यूल ऊर्जा असते. थ्री नॉट थ्रीच्या काडतुसात पूर्वी कॉर्डाइट नावाची दारू असे, तिच्यात चार ते पाच. तरीही शेंगदाणे खाऊन कोणी फुटत नाही. फरक ऊर्जा किती हा नसून ती किती वेळात बाहेर पडते हा आहे. शेंगदाण्याला जळायला हवेतला ऑक्सिजन लागतो. दारू आपला ऑक्सिजन आपल्याच रेणूंत किंवा आपल्याच मिश्रणात बाळगून असते. त्यामुळे तिला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

मग तिच्या वेगाला लगाम कसा घालायचा? घन पदार्थ पृष्ठभागावरून आत आत जळत जातो. म्हणून वेग ठरवण्याचे एक साधन म्हणजे कणांचा आकार. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर असते. त्याचेच एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले तर पृष्ठफळ ६० होते. वजन तेच, पृष्ठभाग दहापट. वर्गात हे साखरेने दाखवता येते. सारख्या वजनाची खडीसाखर, साधी साखर आणि पिठीसाखर सारख्याच पाण्यात टाका, सारखेच ढवळा आणि विरघळायला लागणारा वेळ मोजा.

कणाचा आकारही महत्त्वाचा असतो. भरीव गोल कण जळताना लहान होत जातो, त्यामुळे त्याचा पृष्ठभाग आणि वायू निर्माण होण्याचा वेग दोन्ही घटतात. मुले बोटांत घालून खातात ते पोंगे आठवा. तशी पोकळ नळी बाहेरून जळताना आकसते, पण आतले भोक जळताना मोठे होते. एक पृष्ठभाग घटतो, दुसरा वाढतो आणि बेरीज जवळजवळ कायम राहते. एकाच कणाला सात भोके पाडली तर पृष्ठभाग जळता जळता चक्क वाढतो. तोफांच्या दारूत अशी सात भोकांची दारू वापरतात. म्हणजे रासायनिक घटक अगदी तेच ठेवून नुसत्या आकाराने दोन पूर्णपणे वेगळ्या दारू तयार होऊ शकतात. डब्यात त्या सारख्याच काळ्या-करड्या दिसतील.

इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. खरी मेख पुढे आहे. आधुनिक, म्हणजे बिनधुराची दारू किती वेगाने जळते हे भोवतालच्या दाबावर अवलंबून असते. ही दारू प्रथम यशस्वीपणे बनवली फ्रान्सच्या पॉल व्हिएलने, १८८४ साली. जळण्याचा वेग दाबाच्या घातात वाढतो हा नियमही त्याच्याच नावाने ओळखला जातो. बंदुकीच्या दारूंसाठी हा घातांक एकच्या जवळपास, थोडासा कमी असतो. म्हणजे दाब दुप्पट झाला की जळण्याचा वेगही जवळजवळ दुप्पट. वेग वाढला की वायू जास्त, वायू जास्त की दाब जास्त, दाब जास्त की वेग आणखी जास्त. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखे हे प्रकरण आहे. हीच दारू उघड्यावर जळते तेव्हा जुन्या फिल्मच्या तुकड्यासारखी नुसती भुरभुर जळते. कोंडली की तिचा स्वभावच बदलतो.

या चक्राला आवरणारी एकच गोष्ट आहे. गोळी पुढे सरकते आणि तिच्यामागे वायूला जागा मिळते. काडतुसातला सगळा खेळ या शर्यतीचा आहे: वायू आधी वाढतो की जागा?

शर्यतीचा अंदाज दहावीच्या गणितानेही येतो. थ्री नॉट थ्रीच्या मार्क सात गोळीचे वस्तुमान ११.३ ग्रॅम, नळीतून बाहेर पडतानाचा वेग सेकंदाला सुमारे ७४५ मीटर, नळीची लांबी ६४ सेंटिमीटर. गतिज ऊर्जा काढली तर सुमारे ३१०० ज्यूल येते. पन्नास किलोचे तुरीचे पोते सहा मीटरपेक्षा जास्त उंच उचलायला लागेल एवढी ही ऊर्जा. तिला ०.६४ मीटरने भागले की सरासरी बल मिळते, सुमारे ४८५० न्यूटन. गोळीचा व्यास ७.९ मिलिमीटर, म्हणजे काटछेद ४९ चौरस मिलिमीटर. यावरून सरासरी दाब येतो वातावरणाच्या जवळजवळ हजारपट. घर्षण वगैरे आपण सोडून दिले आहे, तरीही अंदाज चांगला आहे. घरातल्या प्रेशर कुकरमध्ये शिट्टी होताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक वातावरण जास्त असतो. आणि हजार ही नुसती सरासरी झाली. गोळी जेमतेम हललेली असते तेव्हा दाब शिखरावर असतो. या काडतुसासाठी युरोपीय प्रमाणसंस्थेने घातलेली शिखराची मर्यादा ३६५० बार आहे, म्हणजे सरासरीच्या साडेतीनपटीहून अधिक. हा सारा प्रकार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो. कुकरला निदान सेफ्टी व्हॉल्व असतो. रायफलीत तो नाही.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. त्यांनी माप तेवढेच घेतले होते, पण मापाने दारूचा आकार मोजला गेला, वेग नव्हे. फटाक्यातली दारू ही धातूची बारीक भुकटी आणि ऑक्सिजन देणारे रसायन यांचे मिश्रण. ती आवाज करण्यासाठीच असते. छर्ऱ्यांचे वजन जागचे हलण्याआधीच ती जळून संपते. शर्यत सुरू होण्याआधीच निकाल लागतो. छर्ऱ्यांच्या बंदुकीची नळी तर रायफलीपेक्षा कितीतरी पातळ असते, कारण तिने सोसायचा दाबच कमी ठरलेला असतो.

ही चूक करणारे ते पहिले नव्हेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काळी दारू (सोरा, कोळसा, गंधक) जाऊन बिनधुराची आली, तेव्हा शिकारी मंडळी काळ्या दारूची जुनी मापे घेऊन बसली होती. नव्या दारूत त्याच मापात कितीतरी अधिक ताकद मावत असे. बंदुका फुटल्या. शेवटी कारखानदारांनी जुन्या मापात चालेल अशी मुद्दाम हलकी, फुगीर दारू काढली. त्या मापाची सावली अजून पुसलेली नाही. अमेरिकेत छर्ऱ्यांच्या काडतुसांच्या खोक्यांवर ‘इतक्या ड्रॅम काळ्या दारूच्या तोडीचे’ अशा अर्थाचा आकडा आजही छापलेला सापडतो. आत काळ्या दारूचा कणही नसतो!

एक घटक बदलला की बाकीचे कसे कुरकुरतात, याचे सर्वात बोलके उदाहरण खुद्द थ्री नॉट थ्रीचे आहे. १८८८ साली हे काडतूस आले तेव्हा त्यात काळी दारूच होती. रायफलीचे नाव ली-मेटफर्ड. ली हा बोल्टची रचना करणारा आणि मेटफर्ड नळीतल्या पिळदार खाचांची. या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. मेटफर्डच्या खाचा उथळ आणि गोलसर होत्या. काळ्या दारूची काजळी त्यांत साचत नसे. मग कॉर्डाइट आले. धूर गेला, काजळी कमी झाली, वेग वाढला. पण कॉर्डाइटचा वायू इतका तापलेला असे की उथळ खाचा भराभर झिजू लागल्या. १८९५ साली खाचांची रचना बदलावी लागली. खोल, काटकोनी खाचांची ही रचना एनफील्डच्या कारखान्याची, म्हणून रायफलीचे नावही ली-एनफील्ड झाले. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर दिसणारी ती हीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो २०२०च्या प्रजासत्ताक दिनी. दारू बदलली म्हणून नळी बदलली, आणि नाव बदलले, अशी ही साखळी.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. अमेरिकेच्या एम-१६ रायफलीची चाचणी एका प्रकारच्या दारूवर झाली होती. लांबट कणांची ती दारू ठरलेला वेग आणि ठरलेला दाब एकाच वेळी सांभाळून मोठ्या प्रमाणावर बनवणे जड जाऊ लागले. म्हणून १९६४ साली बारीक गोल कणांच्या दुसऱ्या दारूला परवानगी मिळाली. ही दारू वाईट होती का? मुळीच नाही. त्याच जातीची दारू सैन्याच्या मोठ्या रायफलींत नीट चालत होती. पण एम-१६ मध्ये नळीतला थोडा वायू एका भोकातून मागे घेऊन त्यावर रायफल स्वतःला पुन्हा भरते. नव्या दारूने त्या भोकापाशी दाब वाढला, रायफल ठरल्यापेक्षा भरभर चालू लागली आणि आत घाणही जास्त साचू लागली. भरीला, या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि चेंबरला (म्हणजे काडतूस बसण्याच्या जागेला) क्रोमियमचा मुलामा नव्हता. व्हिएतनामच्या दमट हवेत रिकाम्या पुंगळ्या चेंबरमध्ये अडकू लागल्या. ऐन लढाईत रायफल बंद पडून माणसे मेली. अमेरिकी संसदेच्या आयकॉर्ड समितीने ऑक्टोबर १९६७च्या अहवालात या दारूबदलावर कडक टीका केली. पुढे बफर बदलला, चेंबरला क्रोमियम दिले आणि रायफल सुधारली. गोळीचा वेग दोन्ही दारूंनी सारखाच येत होता, हे इथे लक्षात घ्यावे. ज्या एका आकड्याकडे सगळे पाहत होते तो बरोबर होता.

दारूबाबत आणखी दोन गोष्टी थोडक्यात. एक, तापमान. दारूच्या चाचण्या साधारण २१ अंश सेल्सियसला होतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात ठेवलेल्या जीपमध्ये काय होते ते सांगायला नको. गरम दारू वेगाने जळते, त्यामुळे हिवाळ्यात सुरक्षित ठरलेले प्रमाण उन्हाळ्यात काठावर येऊ शकते. दोन, कमी म्हणजे सुरक्षित हेही नेहमी खरे नाही. सावकाश जळणारी दारू मोठ्या पुंगळीत फारच थोडी भरली तर ती विचित्र वागते. कधी गोळी नळीतच अडकते, तर कधी दाब अनपेक्षितपणे उसळून रायफलीच फुटल्याच्या नोंदी आहेत.

गोळी बदलली तर? जड गोळी हलायला वेळ घेते, म्हणून जागा उशिरा मिळते आणि दाब चढतो. पण वजन सारखे असले म्हणजे झाले असेही नाही. शिशाच्या विषारीपणामुळे अलीकडे निव्वळ तांब्याच्या गोळ्या वापरात आल्या आहेत. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात २०१९ पासून शिकारीसाठी शिसे वापरायला बंदीच आहे. तिथल्या काँडर गिधाडांना शिशाची बाधा होत होती. शिशाची घनता ११.३ आणि तांब्याची ८.९. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी म्हणून लांब होते. ती पुंगळीत अधिक खोल घुसते आणि दारूची जागा खाते. शिवाय तांबे कठीण, त्यामुळे खाचांत शिरताना ते अधिक विरोध करते. दोन्ही गोष्टी दाब वाढवणाऱ्याच.

उलट दिशेने झालेली चूकही आपल्याच देशातली आहे. १८९०च्या दशकात कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात मार्क दोन गोळीच्या टोकावरचे कठीण आवरण काढून ती मऊ टोकाची केली. आवरण बुडालाही उघडेच होते. दोन्ही बाजूंनी उघड्या नळकांडीतून आतले शिसे निसटून पुढे जाण्याची आणि आवरण नळीतच राहण्याची भीती निर्माण झाली. अडकलेल्या आवरणावर पुढची गोळी आदळली तर नळीची धडगत नाही. म्हणून पुढच्या मार्कांमध्ये बूड झाकून टोकाला पोकळी ठेवली. डमडम गोळी जगभर बदनाम झाली ती तिच्या भीषण जखमांमुळे. १८९९च्या हेग परिषदेत अशा गोळ्यांना बंदी आली. तिचा हा यांत्रिक दोष मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो.

पुंगळी ही नुसती डबी आहे असे वाटते, पण तिचे काम नाजूक असते. दाब चढताच ती फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायू मागे येऊ देत नाही. दाब उतरताच किंचित आकसते, म्हणून ती बाहेर काढता येते. यासाठी ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्ताचे पितळ वापरतात. दोन कारखान्यांच्या पुंगळ्या बाहेरून तंतोतंत सारख्या असतात, असाव्याच लागतात. आतून मात्र एकीची भिंत जाड असू शकते. जाड भिंत म्हणजे आतली जागा कमी, आणि तेवढ्याच दारूला दाब जास्त. आत पाणी भरून वजन करणे हा तो फरक ओळखण्याचा साधा उपाय. मापट्याला किती ज्वारी मावते हे बाहेरून पाहून कळत नाही, तसेच हे.

त्या मुलाच्या पुंगळीच्या मानेला एक केसासारखी बारीक चीर होती. तो लहानपणी तिच्या तोंडावर फुंकर मारून शिट्टी वाजवत असे. आता ती नीट वाजत नाही, असे त्यानेच सांगितले. या चिरेला फार जुना इतिहास आहे. ब्रिटिश काळात भारतात पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावत आणि काडतुसे घोड्यांच्या तबेल्यांत साठवली जात. पावसाळा संपल्यावर पाहावे तर पुंगळ्यांना तडे गेलेले! ऋतूशी संबंध दिसला म्हणून इंग्रजीत त्याला ‘मोसमी तडे’ असेच नाव पडले. उलगडा झाला १९२१ साली. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी दाखवले की घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळात अडकून राहिलेला ताण, या दोहोंच्या संगनमताने हे तडे पडतात. नुसता अमोनिया किंवा नुसता ताण पुरत नाही. म्हणून पुंगळी घडवल्यावर तिला बेताची उष्णता देऊन ताण घालवतात. नव्या काडतुसाच्या मानेवर कधी कधी निळसर-तपकिरी झाक दिसते ती त्या उष्णतेची. त्या मुलाची पुंगळी कोणत्या गोठ्यात राहिली होती कोण जाणे. पण दुसरे काही पाहायच्या आधीच ती बाद होती.

टोपीचे प्रकरण छोटे आहे. दिसायला एकाच मापाच्या टोप्यांत ज्योतीची तीव्रता वेगवेगळी असते आणि कातडे, म्हणजे धातूचा पत्रा, कमीजास्त जाड असतो. पिस्तुलाची पातळ टोपी रायफलीच्या दाबाला टिकेलच असे नाही. जुन्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असे. जळल्यावर त्याचे पोटॅशियम क्लोराइड होऊन नळीत बसे आणि मिठाप्रमाणे हवेतली ओल ओढून नळी गंजवे. म्हणून जुने शिपाई नळीतून उकळते पाणी ओतत. तेलात मीठ विरघळत नाही, पाण्यात विरघळते, हे त्यांना रसायनशास्त्र न शिकताही माहीत होते.

आणि सगळे घटक एकदम बदलायचे झाले तर काय करावे लागते? १९६२च्या चीन युद्धानंतर आपल्याकडे हा प्रश्न उभा राहिला. सैन्य ७.६२ मिलिमीटरच्या नाटो काडतुसाकडे वळत होते आणि ओळखीची रायफल थ्री नॉट थ्रीची होती. नव्या काडतुसाची दाबाची मर्यादा ४१५० बार, जुन्याची ३६५०. फरक जेमतेम १४ टक्के. पण इशापूरच्या कारखान्याने जुन्या रायफलीची नळी बदलून भागवले नाही. ढाचा तोच ठेवून अधिक चांगल्या पोलादाची रायफल नव्याने घडवली, मॅगझिन बदलले आणि तिला २ए हे वेगळे नाव दिले. जुन्या पोलादावर १४ टक्क्यांचा भरवसा त्यांनी टाकला नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

ज्या देशांत काडतूस पुन्हा भरणे कायदेशीर आहे, तिथले जाणते लोकही याच शिस्तीने चालतात. दारू बनवणाऱ्या कंपन्या प्रयोगशाळेत दाब मोजून तक्ते छापतात. तक्त्यातली प्रत्येक ओळ एका ठरावीक पुंगळीची, टोपीची, गोळीची आणि दारूची असते. यातला एकही घटक बदलला तर ती ओळ संपली. नव्या घटकाची ओळ शोधायची, कमाल प्रमाणाच्या साधारण दहा टक्के खालून पुन्हा सुरुवात करायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारूची अदलाबदल तर तक्ता असल्याखेरीज करायचीच नाही. नावात साम्य असले तरी नाही: ४३५० हाच आकडा नावात असलेल्या निरनिराळ्या कंपन्यांच्या दारू बाजारात आहेत आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. तक्त्यातले एकक पाहणेही तितकेच गरजेचे. पूर्वी दाब मोजायला तांब्याचा छोटा दंडगोल ठेवत आणि तो किती चेपला ते पाहत; आता दाबाला विद्युत संकेत देणारा स्फटिक वापरतात. अमेरिकी तक्त्यांत एकाच काडतुसाची मर्यादा पहिल्या पद्धतीने ५२,००० आणि दुसरीने ६२,००० अशी दिसते. दोन्ही बरोबर आहेत. एकीचा आकडा दुसरीत वाचला की अनर्थ.

आपल्याकडच्या नेमबाजांना पुन्हा भरण्याचा प्रश्न येत नाही. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळवले, ते ५० मीटर रायफल प्रकारात. तिथे पॉइंट टू टूचे काडतूस लागते. त्याचे टोपीतले रसायन बुडाच्या कडेतच भरलेले असते, त्यामुळे ते एकदाच वापरता येते. पण या पातळीवरचे नेमबाज एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे निरनिराळे घाणे आपल्या रायफलीतून झाडून पाहतात आणि जुळणारा घाणा निवडतात. कारखान्याने काहीही मुद्दाम बदललेले नसते, तरी घाण्याघाण्यात फरक पडतो.

बेंबळीहून महिन्याभराने त्या मुलाचे पत्र आले. त्याने पुंगळी पुन्हा ट्रंकेत ठेवून दिली होती आणि साखरेचा प्रयोग केला होता. तिन्ही साखरांच्या वेळांचा तक्ता, तीन तीन वाचने आणि त्यांची सरासरी, सगळे व्यवस्थित होते. खडीसाखरेने फारच वेळ घेतला म्हणून आईने मध्येच पातेले मागितले, अशी टीपही होती. बोटे गमावलेल्या आजोबांना त्याने तो तक्ता दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि विचारले, ‘म्हंजी माप नाही, बारीकपणा?’ पत्राच्या शेवटी त्याचा एक प्रश्न होता: पोकळ नळीचा पृष्ठभाग कायम राहतो हे पोंगा पाण्यात टाकून पाहायला गेलो तर पोंगा विरघळतच नाही, नुसता फुगतो, मग त्याऐवजी दुसरे काय घ्यावे? आम्ही अजून शोधतो आहोत. बाजारात मधोमध भोक असलेल्या पेपरमिंटच्या गोळ्या मिळतात, त्या पाहतो आहोत.